आधी धुतलेले पाय

"तू आदी नळावर जा. ब्रशनं घास. फादरना हात लावायचा हाय."

चर्चच्या दारातच कमिटीच्या रोझीबाईंनी मला अडवलं. सगळ्यांसमोर. कपड्यांचा ब्रश हातात कोंबला.

गेल्या वर्षी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून फादर दरवर्षी बारा जणांचे पाय धुतात. आमच्या खाडीकाठच्या गावात ते बारा कायम नारळ-सुपारीच्या बागा असलेल्या जुन्या घरांतले. त्या वर्षी पहिल्यांदाच कातकरवाडीतलं कुणीतरी घ्यायचं ठरलं. मी.

बाकीचे अकरा थेट खुर्चीवर. नळावर मी एकटी.

घासले. खेकडे पकडून पकडून टाचांना भेगा पडलेल्या. रक्त आलं तरी घासले. रोझीबाई डोक्यावर उभ्या.

"अजून काळं दिसतंय."

"ता मळ न्हाय, बाय. ती माझी कातडी हाय."

त्या जराही वरमल्या नाहीत. "मग शेवटच्या खुर्चीवर बस. बाकीच्यांचं पाणी खराब नको."

बसले. फादर बोलायला लागले, "कृपा लायकी बघून मिळत नाही. आपण कुणीच लायक नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि वळून माझ्याकडे पाहिलं. माझं डोकंच फिरलं. बाप्तिस्म्याच्या वेळी मला सांगितलं होतं, टाकलेल्यांना देव आधी जवळ घेतो. मग इथं लायक नसलेली मी एकटीच? ह्यांना काय कृपा वारसाहक्कानं मिळाली?

उठले. चर्चच्या मागंच खाडी, ओहोटी लागलेली. गुडघाभर चिखलात उतरले. तशीच आत आले, पांढऱ्या लाद्यांवर पाय उमटवत. माझी खुर्ची ओढत नेली आणि सगळ्यांच्या पुढं मांडली.

"आता धुवा, फादर."

फादरनी आधी कमिटीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग गुडघ्यावर बसले. दोन बोटांनी धुतले. परातीतलं पाणी काळं झालं, आणि नंतरच्या अकरांसाठी ते फेकून नवीन आणलं. ते मी बघितलं. विसरणार नाही.

यंदा यादीत माझं नाव नाही. "तुला शिस्त न्हाय," असा निरोप आला. येशूनं कुणाला आधी नळावर पाठवलं होतं, ते मला दाखवा.

मी जाणार. खाडीतून थेट, चिखलासकट. खुर्ची नसेल तर लादीवर बसेन, पाय पुढं करून. तो ब्रश अजून माझ्याकडं आहे. रोझीबाईंच्या हातात परत देणार आहे. सगळ्यांसमोर.