न्हाणीभोवतीची करवंदी

आमची न्हाणी घराच्या मागे आहे. तीन बाजूंना नारळाच्या झावळ्या विणून केलेली झापं, खाली जांभ्याचे चिरे, कोपऱ्यात पाणी तापवायची चूल आणि वर उघडं आभाळ. आई दुपारी लोकांच्या पोफळीच्या वाडीतलं काम आटोपून यायची ती थेट तिथेच जायची. पाण्याचा आवाज थांबायचा, पुन्हा यायचा. आम्ही ताटं घेऊन बसलेलो असायचो.

"समुद्र आटवलास व्हय?" बाबा ओरडायचे.

"पोटाला जरा दम न्हाय का तुमच्या?" आतून उत्तर यायचं.

दिवसभरात तिच्याकडे कोणी काही मागत नाही असा तेवढाच वेळ होता. हे मला घरात असताना कळलं नव्हतं. रोज एसटीने श्रीवर्धनला कॉलेजात जायला लागले, तेव्हा हळूहळू कळलं.

त्याच वर्षी शेजारचा माळ मुंबईच्या कुणीतरी विकत घेतला. बांधकामावरची माणसं आमच्या मागच्या बाजूने ये-जा करू लागली. झापांच्या फटींतून सगळं दिसायचं. आई अंघोळ भरभर उरकू लागली.

इथलीच, बारा महिने हिरवी राहणारी झुडपं लावली तर आडोसा होतो आणि पाखरांनाही आसरा मिळतो, असं आमच्या जीवशास्त्राच्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे माझं बोलणं घरी उगाचच खरं धरतात. म्हणून सांगायलाही मला भीती वाटत होती. शेवटी सांगितलं, करवंदी लावू या.

"डोंगरावरची जाळी? लोक तोडून टाकतात, आपण लावायची?" बाबा म्हणाले.

आईने विचारलं, "तुझ्या लग्नापातूर गुडघ्याला तरी लागंल का?"

"लागेल."

"मग तवर मी बिनअंघोळीचीच बसते."

पण मे महिन्यात तीच पदरात पिकलेली करवंदं घेऊन आली. आम्ही ती खाल्ली आणि ओल्याच बिया दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत पेरल्या. पुढच्या पावसाळ्यात रोपं न्हाणीभोवती लावली. करवंदी वाढते फार सावकाश. दोन वर्षं तर मला तिच्याकडे बघायचीच लाज वाटायची. नंतर काटे जाड झाले, फांद्या एकमेकींत गुंतल्या. वैशाखातही पान गळलं नाही. पुढे ती छातीपर्यंत आली, तेव्हा झापांच्या फटी झाकल्या गेल्या. त्या उन्हाळ्यात आईची अंघोळ पुन्हा लांबली आणि बाबा पुन्हा ताटावरून ओरडू लागले. मला वाटलं, जमलं.

त्यानंतरच्या दिवाळीपर्यंत शेजारच्या माळावर झालेल्या बंगल्यावर मजला चढला आणि त्यावर गच्ची झाली. तिथे पाहुणे उतरू लागले. गच्चीवरून आमची न्हाणी तळहातासारखी दिसते. करवंदी कितीही वाढली तरी तिथवर पोचणार नाही, हे मला पहिल्याच दिवशी समजलं, पण मी घरी बोलले नाही. बाबांनी न्हाणीवर ताडपत्री बांधून पाहिली. चुलीचा धूर आत कोंडला, आई खोकून बेजार झाली. आठवड्याभरात वाऱ्याने ताडपत्रीही फाटली.

आमच्याकडे माडावर चढणारा माणूस आधी खालून हाळी देतो, "चढतो गोऽ!" आजूबाजूच्या न्हाण्यांमधल्या बायका सावरून घेतात, मग तो चढतो. हे कोणी कोणाला शिकवत नाही. त्यामुळे बाबांना मनापासून वाटलं की शेजारी नवीन आहेत, त्यांना ठाऊक नसेल, सांगितलं की झालं. मलाही तसंच वाटलं. "तू जा, तू नीट बोलशील," ते म्हणाले. बंगल्याचा मॅनेजर पलीकडच्या गावचाच होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सांगतो ताई. जिन्यापाशी पाटीच लावतो."

त्याने खरंच पाटी लावली, 'गच्चीवर जाण्याआधी हाळी द्या: चढतो गोऽ!' शनिवारी दुपारी जिन्यातून आवाज आला, "चढतो गोऽऽ!" मागोमाग हसणं. मग दुसरा, मग बायकांचे आवाज, मग मुलांचे. आणि हाळी कोणासाठी द्यायची ते बघायला सगळे कठड्याशी येऊन उभे राहिले. आईच्या केसांना शिकेकाई लागलेली होती. मी चादर घेऊन धावले, ती तिच्यावर धरून उभी राहिले.

"बाय, गेली का गं?" चादरीखालून तिने विचारलं.

"न्हाय."

थोड्या वेळाने पुन्हा, "अजून हायत?"

"हायत."

हंड्यातलं पाणी गार झालं. ती तशीच, केस न धुता, ओल्या लुगड्याने घरात आली. बाबा ताटासमोर बसले होते. त्यांनी ताट बाजूला सारलं.

चैत्रात करवंदीत बुलबुलाने घरटं केलं. बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. आता गच्चीवर लांब भिंगांचे कॅमेरे येतात आणि सकाळपासून आमच्या मागच्या बाजूवरच रोखलेले असतात. मॅनेजर एकदा बांधावर येऊन म्हणाला, "ताई, जाळी तोडू नका हां. पाहुणे पाखरांसाठीच येतात." बाबा कोयता घेऊन निघाले होते, पण तोडून तरी काय उपयोग, असं म्हणून त्यांनीच तो ठेवून दिला. माझ्याकडे सुचवण्यासारखं काही उरलेलं नाही.

आता न्हाणीत पेंढ्याचे भारे आहेत. आई स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या मोरीत, दार लावून अंघोळ करते. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "हितं बरं हाय. पाणी पण कमी लागतं." ती आत गेली की मी बाहेरच्या चुलीवर चहाचं आधण ठेवते. ते उकळायच्या आत ती केस बांधून बाहेर आलेली असते.