एका ‘वि’ची चौकशी

बाबांना कुठलीही गोष्ट एकदा सांगून भागत नसे. भाजीवालीने भाव सांगितला की हे म्हणणार, परत सांगा. मी म्हटलं, शाळेतून यायला उशीर होईल, की परत सांग. लष्करातून सुटल्यावर ते अलोऱ्याला कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत टेलिफोनच्या बोर्डावर होते. तिथले साहेब म्हणत, ह्या माणसाकडे मुंबईचा नंबर मागण्यापेक्षा चालत मुंबई गाठलेली बरी. आई गेल्यावर बाबा रत्नागिरीला माझ्याकडे राहायला आले, तेव्हा हे खूळही सोबत घेऊन आले. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. दिवसभर त्याच त्या स्पेलिंगांचा रतीब घालून दमून घरी यायचं, तर घरीही तेच. माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायला बाबा एकटे पुरेसे होते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी वाचनालयातल्या पेपरात एक बातमी आली. महायुद्धातल्या लष्करी संदेशांवरची गुप्तता उठवली आहे, ते कागद इंग्लंडच्या सरकारी दप्तरखान्यात कुणालाही पाहता येतात, अशी. बाबांनी ती बातमी शाईने वहीत उतरवून घेतली, भर दुपारी उन्हातून घरी आले आणि वहाणाही न काढता म्हणाले, “बाय, मला एक पत्र लिहून दे. इंग्रजीतून.”

बाबा महायुद्धात ब्रह्मदेशात होते, वायरलेसवर सिग्नलर, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आमच्या आळीतले बाकीचे पेन्शनर रोज संध्याकाळी पारावर बसून ते युद्ध नव्याने जिंकत. त्यांतले दोघे तर युद्धकाळात पुण्याच्या पलीकडे गेलेच नव्हते. बाबा मात्र गप्प बसून ऐकत. त्यामुळे पत्राचं ऐकल्यावर माझी खात्रीच पटली की ह्या मुक्या माणसाने तिकडे काहीतरी पराक्रम गाजवलेला आहे, आणि आता म्हातारपणी त्याचा पुरावा हवा झालाय. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी सगळ्यांना सांगून मोकळी झाले. मुख्याध्यापिकाबाईंनी तिथल्या तिथे ठरवलं की येत्या पंधरा ऑगस्टला बाबांचा सत्कार करायचा, आणि शालही आणून ठेवली.

दप्तरखान्याचं उत्तर दीड महिन्याने आलं. नकार इतक्या गोड भाषेत देता येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. आम्ही स्वतः शोधून देत नाही, त्यांनी लिहिलं होतं, पण असे शोध घेणाऱ्या एका बाईंचा पत्ता सोबत देत आहोत. त्या बाईंना लिहिलं. त्यांनी विचारलं, पलटण कुठली, ठिकाण कुठलं, तारीख काय.

पलटण आणि ठिकाण बाबांना पाठ होतं. तारीख विचारली तर म्हणाले, गौरीजेवणाचा दिवस. त्या दिवशी जेवायला डब्यातल्या उकडलेल्या शेंगा मिळाल्या होत्या आणि घरी काय काय रांधलं असेल ते आठवून त्यांना घास गिळेना, म्हणून दिवस पक्का लक्षात राहिला होता. आता हे मी इंग्लंडला काय म्हणून कळवणार? शेवटी वरच्या आळीतल्या भटजींकडे गेले. त्यांच्या माळ्यावर जुन्या पंचांगांची चळत होती. त्यांनी नाकाला उपरणं लावून ती उपसली. त्या सालच्या पंचांगाला कसर लागली होती, पण भाद्रपद शाबूत होता. कुणाची पत्रिका करायचीय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पत्रिका नाही, लढाई. त्यांनी इंग्रजी तारीख लिहून दिली आणि वर न विचारता सांगितलं की दिवस काही चांगला नव्हता.

तारीख कळवली. बाई इतकी मेहनत घेताहेत म्हणून आभाराखातर घरच्या फणसपोळीचं पुडकं पाठवलं. त्यावर त्यांचं उत्तर आलं ते असं: आपण पाठवलेला चामड्याचा नमुना मिळाला, तो कोणत्या फायलीशी संबंधित आहे ते कृपया कळवावे. मी कपाळावर हात मारला. बाबा मात्र त्या काळात पहिल्यांदा हसले.

त्याच पत्रात बाईंनी आणखी एक विचारलं होतं. त्या दिवसाचे संदेश ढीगभर आहेत, तर नेमकं काय शोधायचं? मी झोकात उत्तर लिहिलं: माझ्या वडिलांनी बजावलेली शौर्याची कामगिरी. बाबांनी ते मला मराठीत दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, “शौर्य खोड. चूक लिही.”

आणि मग पडवीतल्या बाकावर बसून त्यांनी जे सांगितलं, ते आईलाही कधी सांगितलेलं नव्हतं.

त्यांचं काम निरोप पुढे पोचवण्याचं. पुढच्या डोंगरांतून वायरलेसवर आवाज यायचा, तो ऐकून उतरवायचा आणि मागच्या मुख्य ठाण्याला कळवायचा. नकाशावर टेकड्यांना नावं नव्हती, अक्षरं होती. वायरलेसवर अक्षर नीट कळावं म्हणून प्रत्येकाला एक शब्द ठरवलेला: के म्हणजे किंग, पी म्हणजे पीटर. बाबा मराठी सातवी पास. इंग्रजी अक्षरं त्यांना येत, पण हात चाले तो मराठीत. घाईच्या वेळी ते शब्दाचं पहिलं मराठी अक्षर तेवढं टिपून ठेवत, ‘किं’ किंवा ‘पी’, आणि नंतर त्याचं इंग्रजी करत. सगळ्या पलटणीत त्यांच्याइतकं भराभर कुणी लिहीत नसे. साहेबही खूश होते.

त्या दिवशी पावसात एका तुकडीचा निरोप आला. वाट तुटलीय, शिधा संपलाय, माणसं जखमी आहेत, अमुक टेकडीवर आहोत, विमानातून शिधा आणि औषधं टाका. आवाज खोल गेलेला. बाबांनी टेकडीचं अक्षर टिपलं, ‘वि’. मग निरोप संपला. आणि इंग्रजी करायला बसले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की व्ही म्हणजे व्हिक्टर आणि डब्ल्यू म्हणजे विल्यम. साहेबाच्या तोंडी ते दोन निरनिराळे शब्द असतील. बाबांच्या पेन्सिलीला दोन्ही ‘वि’च. दोन्ही अक्षरांच्या टेकड्या नकाशावर होत्या आणि मध्ये दुथडी भरलेली नदी.

“परत सांगा असं एकदाच म्हणायचं होतं,” बाबा म्हणाले. “साहेब डोक्यावर उभा होता. मी म्हटलंच नाही.”

त्यांनी अंदाजाने ‘व्ही’ कळवला. ती तुकडी परत आली नाही. तिच्यात देवरूखकडचा, बाबांच्याच गावचा, पलीकडच्या वाडीतला एक जण होता. त्याचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. लढाई संपून बाबा गावी गेले तेव्हा त्याची बायको विचारायला आली की तुम्ही तिथेच होतात ना, काय झालं ह्यांचं? बाबांनी सांगितलं, मी दुसऱ्या टेकडीवर होतो. ते खरंच होतं. त्यानंतर त्यांनी गावात बिऱ्हाड केलंच नाही. गणपतीला जात तेही तिचं घर टाळून मागच्या पायवाटेने. देवरूखच्या बाजारात ती दिसली तर जवळच्या दुकानात शिरून नको असलेली वस्तू विकत घेत. आमच्या घरी इतके अडकित्ते का होते ते मला त्या दिवशी कळलं.

मला बाबांचा राग आला, इतकी वर्षं एकट्याने गिळून बसले म्हणून. त्याहून राग आला माझा स्वतःचा, कारण शिक्षकांच्या खोलीत मी त्यांना शूरवीर करून ठेवलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं की कागद अजून गुप्तच आहेत. त्या फार प्रभावित झाल्या. शाल कपाटात राहिली आणि पुढे एका शिक्षणाधिकाऱ्यांच्या खांद्यावर पडली.

‘शौर्य’ खोडून ‘चूक’ लिहिल्यावर मात्र शोध भराभर लागला. चार महिन्यांत पाकीट आलं. आत तीन कागदांच्या झेरॉक्स आणि बाईंची चिठ्ठी. बाबांनी हात धुतले, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, तू वाच.

पहिला कागद बाबांच्या निरोपाचा, मुख्य ठाण्यात उतरवून घेतलेला. वळणदार अक्षर, आणि टेकडी ‘व्ही’. दुसरा कागद त्याच्या चार दिवस आधीच्या निरोपांचा. ती तुकडी निघताना कुठल्या टेकडीवर चाललीय ते त्यात होतं. ‘डब्ल्यू’. म्हणजे चूक झाली होती. मी थांबले. बाबांनी मान हलवली. त्यांना ते चाळीस वर्षं ठाऊकच होतं, आता फक्त शिक्का बसला.

तिसरा कागद विमानांच्या कचेरीचा. बाबांचा निरोप मिळाल्याची नोंद आणि तिच्यापुढे लाल पेन्सिलीचे चार शब्द. विमान नाही, कार्यवाही नाही. बाईंनी चिठ्ठीत खुलासा केला होता: त्या आठवड्यात त्या बाजूला एकही विमान उडालं नाही. व्ही टेकडीवरही नाही आणि डब्ल्यूवरही नाही. तेव्हा आपल्या वडिलांच्या चुकीने कोणाचेही नुकसान झालेले नाही, हे कळवताना मला आनंद होतो.

माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, बाबा, सुटलात. उठून शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मी हसतही होते. बाहेर काही हालचाल नाही म्हणून परत पडवीत आले, तर बाबा तो तिसरा कागद मुठीत चुरगाळून बसलेले. एवढ्या वर्षांत मी त्यांना इतकं संतापलेलं पाहिलं नव्हतं.

“चूक माझी असती तर निदान विमान तरी गेलं असतं,” ते म्हणाले.

शिरा तसाच राहिला. पुढचे आठ-दहा दिवस ते पारावर गेले नाहीत. मी समजूत घालायला गेले की म्हणत, तुला नाही कळायचं. खरंच कळत नव्हतं. गुन्ह्यातून सुटलेल्या माणसाने असं सुतकात का बसावं? मग एका रविवारी सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि म्हणाले, देवरूखची गाडी किती वाजता आहे, आणि ते कागद घे.

देवरूखहून दुसरी गाडी, मग कातळावरून अर्धा तास चाल. वयाच्या मानाने ते फार जोरात चालत होते. मी मनात वाक्यं जुळवत होते, की बाबांची काही चूक नव्हती, हे बघा कागद, विमानच नव्हतं. चाळीस वर्षांनी त्यांना त्या जवानाच्या बायकोपुढे ताठ मानेने उभं राहता येणार होतं, आणि ते मला बघायचं होतं.

ती अंगणात सुपारी सोलत बसली होती. साठीची, काटक, एकटीच राहणारी. दीर-पुतणे सगळे मुंबईला. बाबांना तिने लगेच ओळखलं, पण उठली नाही. आम्ही जोत्यावर टेकलो. पाणी झालं. मग बाबांनी सांगायला सुरुवात केली आणि मी ऐकतच राहिले. वायरलेस, पेन्सिल, ‘वि’, सगळं जसंच्या तसं सांगितलं. आणि मग म्हणाले, “विमान आलं होतं, वैनी. शिधा घेऊन आलं होतं. मी टेकडी चुकीची सांगितली, म्हणून ते नदीच्या पलीकडे गेलं.”

मी तोंड उघडलं होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, नुसता हात माझ्या हातावर ठेवला. मी तोंड मिटलं.

तिने हातातली सुपारी सोलून बाजूला टाकली. मग म्हणाली, “येवढ्यासाठी चाळीस वर्सं ह्या दारात आला नाय तुमी?” आवाजात राग नव्हता. पदराने डोळे पुसले आणि विचारलं, “म्हंजे इमान आलेलं तर. आवाज आला असंल न्हवं त्यांना?”

बाबा म्हणाले, आला असणार. दोन फेऱ्या मारल्या होत्या.

मग ती माझ्याकडे वळली. शिकलेली मुलगी, मांडीवर कागद. “कागदात हाय तसं?”

मुलींनी स्पेलिंगातलं एक अक्षर गाळलं तरी तांबडी रेघ मारणारी बाई मी. तो चुरगळलेला तिसरा कागद गुडघ्यावर सारखा केला, लाल पेन्सिलीच्या शब्दांवर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं. विमान पावसात निघालं. दोन फेऱ्या मारल्या. टेकडी सापडली नाही. इंग्रजीत शब्द चारच होते, माझं मराठी बरंच लांबलं.

ती म्हणाली, एक कागद मी ठेवू काय, मला वाचता येत नाय, पण आसूं दे. गावातली इंग्रजी येणारी पोरं गणपतीला मुंबईहून यायची होती. बाबांनी माझ्या हातातून तिन्ही कागद घेतले, तिसरा घडी करून स्वतःच्या खिशात घातला आणि दुसराही त्याच्या मागोमाग. ‘व्ही’वाला पहिला कागद तेवढा तिच्यापुढे धरला.

“हा ठेवा, वैनी,” ते म्हणाले. “ह्यात माझी चूक आहे.”

तिने सुपारीचे हात लुगड्याला पुसले आणि तो कागद दोन्ही हातांनी घेतला.