उतरत्या रेघेचा हिशेब

शाळेत सगळे त्यांना रेघसर म्हणत. पट्टी न लावता फळ्यावर ओढलेली त्यांची रेघ तसूभरही हलायची नाही. दहावीला रेषीय समीकरणं शिकवताना ते एका बाजूला चार समीकरणं मांडत, दुसऱ्या बाजूला चार आलेख. "लावा जोड्या! आधी उभ्या अक्षाला कुठं छेदते ते बघा, मग चढ. घाई केलीत की फसलात."

एकदा ते स्वतःच फसले. y = 2x + 3 ची जोडी त्यांनी भलत्याच आलेखाशी लावली.

"सर, तीनमधूनच जातेय, पण ही रेघ उतरतेय," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"बघत होतो, जागं कोण आहे!" वर्ग हसला. सरांना मात्र रेघ मध्येच मोडलेली दिसत होती.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी चौकटींचा कागद समोर धरला. मधल्या रेघा वाकड्याच दिसल्या. "इंजेक्शनं देऊन बघू," बाई म्हणाल्या. बरं होईल, असं काही म्हणाल्या नाहीत.

दर महिन्याला तक्त्यावरची किती अक्षरं ओळखली, याची चिठ्ठी मिळे. ती वाचायची बायकोनं. पहिल्यांदा पन्नास. मग एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस.

"महिन्याला एक," सर खुशीत म्हणाले. "निवृत्तीला दोन वर्षं. चोवीस जातील, चोवीस उरतील. निभेल गं!"

शाळेत त्यांनी अवाक्षर काढलं नाही. रेघा मुलांकडूनच काढून घेऊ लागले.

चौथ्या खेपेला डॉक्टरीणबाई त्यांच्यासमोरच म्हणाल्या, "मागच्या वेळी अडतीस होती. आज बत्तीस."

घरी येऊन दार लावल्यावर बायको म्हणाली, "अहो, मला खरं सांगवेना."

"महिन्याला सहा," सर म्हणाले. "म्हणजे पाच महिने."

"सरळ रेघेतच जाईल कशावरून?"

सर बोटांवर महिने मोजत राहिले.

राजीनामा तिनंच लिहिला. सही कुठं करायची, तिथं त्यांचं बोट नेऊन ठेवलं. आता आकडा डॉक्टरीणबाईच मोठ्यानं सांगतात. सरांनी तसं बजावलंय. गेल्या वेळी अकरा होता. दोघं घरी येऊन जेवायला बसली. ताटात कुठं काय वाढलंय ते ती सांगत होती. भात उजवीकडे, भाजी वर. सर मान हलवत होते, जेवत नव्हते.