दोन बोटं लांब

सगळ्या पश्चिम खानदेशात बायकांच्या गळ्यांची माझ्या फुईइतकी काळजी दुसऱ्या कुणी वाहिली नसेल. खुद्द त्या बायकांनीही नाही. फुई म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नंदुरबारला मिरचीबाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं घर होतं. मिरचीच्या खकाण्यानं त्या गल्लीत आल्यागेल्याला ठसका लागायचा, डोळ्यांना धार लागायची, पण फुईची नजर त्या पाण्यातूनही समोरच्या बाईच्या गळ्यावर बरोबर जाऊन बसायची. जग आधी तोंड बघतं, फुई पोत बघायची. लग्नाहून परत आल्यावर नवरी कशी होती म्हणून विचारावं, तर "टिक वर चढेल व्हती," एवढंच सांगायची; टिक म्हणजे गळ्यातला सोन्याचा दागिना. नवरी गोरी की सावळी, उंच की ठेंगणी, हे तिला काही केल्या आठवायचं नाही.

कमरेला काळ्या दोऱ्याचं रीळ खोचलेलं असायचं. गळ्याच्या खळीवर एक बोट ठेवायचं, तिथून खाली बोटं मोजायची, दोऱ्याला गाठ मारायची आणि दातानं तोडायचा, असं तिचं माप. मान आखूड आणि तोंड गोल असेल तर पोत चांगली सात बोटं खाली हवी, म्हणजे मान उंच दिसते. मान लांब आणि तोंड निमुळतं असेल तर गळ्यालगतच हवी, नाहीतर बाई आजारातून उठल्यासारखी वाटते. एका बोटाच्या फरकानं बाई दहा वर्षांनी म्हातारी दिसते यावर तिची देवापेक्षा जास्त श्रद्धा होती. दागिने रेशमाच्या दोऱ्यात गाठवून देणारा तिथला पटवेकरी तिला लांबून येताना पाहिलं की पाणी प्यायला म्हणून आत जायचा आणि बराच वेळ पाणीच पीत बसायचा. तोवर ती ओट्यावर बसून, गाठवायला आलेल्या दुसऱ्या बायकांना त्यांच्या चुका समजावून सांगायची.

एकदा मला घेऊन शहाद्याहून एसटीनं येताना तिनं शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, "बहीन, राग धरू नको, पण तुन्ही पोत दोन बोट लांब शे. तोंड उतरेल दिखस." ती निघाली कुण्या फौजदाराची बायको. तिनं फुईला असं काही झाडलं, की कंडक्टर तिकिटं फाडायची थांबवून ऐकत राहिला. फुईची नजर तिच्या गळ्यावरून काही हटेना. नंदुरबार आलं तेव्हा त्या बाईनं मानेमागे हात नेऊन पोतीला गुपचूप एक गाठ मारलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. फुईनं नुसती मान डोलावली. पोळ्याला कोरीटला, आमच्याकडे आली की बैलांच्या घुंगरमाळाही तिच्या तावडीतून सुटत नसत. आमच्या पांढऱ्या बैलाची मान आखूड म्हणून त्याची माळ तिनं मिरवणूक थांबवून सैल करायला लावली होती. वडील वैतागले खरे, पण सबंध मिरवणुकीत आमचाच बैल देखणा दिसत होता, हे त्यांनाही कबूल करावं लागलं.

आता माझ्या गळ्याकडे येते. माझ्या गळ्याच्या खळीवर रुपयाएवढा डाग आहे. पाच वर्षांची असताना दिवाळीत फुईकडे गेले होते. ती सांजोऱ्या तळत होती आणि मला कढईजवळ बसवून शेजारणीला टिकेची लांबी समजावत होती. मी सांजोरीला हात घातला, झारा कलंडला आणि तेल उडालं. घरात पुढे त्याबद्दल कुणी तिला एक शब्द बोललं नाही, पण आई त्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतंच बोलायची. मी लग्नाची झाले आणि त्या डागानं दोन स्थळं परत गेली. तिसरं स्थळ आलं शहाद्याकडचं, मुलगा शाळामास्तर. हे तरी जमू दे म्हणून आईनं नवस बोलला, आणि शेजारून तीन बोटं रुंदीची ठुशी मागून आणली. ती गळ्यालगत बांधली की डाग पार झाकून जायचा. मला श्वास घेता येत नव्हता, पण माझीही काही हरकत नव्हती. लग्न व्हायला हवं होतं मला, खोटं कशाला सांगू?

पाहुणे ओसरीवर बसले आणि त्यासाठी नंदुरबारहून मुद्दाम आलेली फुई आतल्या खोलीत शिरली. माझ्याकडे पाहिलं, आणि ठुशीचा गोंडा सोडून ती काढून घेतली. स्वतःच्या गळ्यातली एकदाणी उतरवून माझ्या गळ्यात घातली. सोन्याचे मणी डागाच्या बरोबर दोन बोटं खाली येऊन बसले आणि डाग लख्ख उघडा पडला. आई तिच्या हाताला धरून रडवेली झाली. फुई एवढंच म्हणाली, "झाकेल चीज लोके जास्तच दखतस." भांडायला वेळ नव्हता, बाहेरून हाक आली होती. मी खाली मान घालून पाटावर बसले. मुलाच्या आईनं पाहिलं आणि विचारलंच, हा डाग कसला?

आई घाईघाईनं चहा आणायला उठली. फुई पुढे झाली. "मन्हा घरमा तेल उडनं तिन्हा आंगवर," ती म्हणाली. "चूक मन्ही व्हती, पोरनी नही."

पंधरा वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. पाहुणे चहा पिऊन, कळवतो म्हणून गेले. मग आठ दिवस निरोप नाही. आईनं फुईशी बोलणं टाकलं, मीही टाकलं. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते. दुसरी कुणी असती तर गाडी जुंपून निघून गेली असती. फुई गेली नाही. ओसरीच्या कोपऱ्यात धान्य निवडत बसून राहिली, आणि त्या आठ दिवसांत तिनं कुणाच्याही गळ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. पाणी भरायला जाणाऱ्या बायकाच तिच्यासमोर मुद्दाम रेंगाळायच्या, पण तिला कशाचं भानच नव्हतं.

नवव्या दिवशी मधला माणूस आला. दारातूनच म्हणाला, मुलाच्या आईनं सांगितलंय, मंगळपोत गाठवायला टाकायचीय, पोरीच्या गळ्याचं माप द्या.

आई हातातलं काम टाकून उठली. तिनं कोपऱ्यातल्या फुईला हाताला धरून आणलं आणि माझ्यासमोर उभं केलं. फुईनं रीळ काढलं. माझ्या डागावर बोट ठेवलं. मोजता मोजता ती चुकली, पुन्हा मोजलं, डोळे पुसले, गाठ मारली आणि दोरा दातानं तोडून त्या माणसाच्या हातात दिला. लग्नात पोत गळ्यात पडली ती दोन बोटं लांब. मला कळलं, कारण तिची मापं मी लहानपणापासून पाहत आले होते. सगळ्या बायका छान छान म्हणत होत्या. फुई मांडवाच्या खांबाला धरून उभी होती, नजर माझ्या पोतीवर.

पुढे कितीतरी वर्षांनी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. भेटायला गेले तर तिनं हातानं चाचपून माझी पोत पाहिली. "दोन बोट लांब शे," ती हळूच म्हणाली. "त्या दिन मन्हा हात कापत व्हता." मी म्हटलं, फुई, मला अशीच आवडते. त्यावर ती चिडली. आवडण्याचा काय संबंध, तोंड उतरेल दिखस, म्हणाली, पण माझा हात काही तिनं सोडला नाही.

आता ती नाही. त्या पटवेकऱ्याचा नातू दुकानात बसतो. दोरा झिजला की मी पोत नव्यानं गाठवायला त्याच्याकडे जाते. मुलगा हुशार आहे, नजर चांगली आहे त्याची. दर वेळी म्हणतो, आजी, दोन बोटं कमी करू का, तुम्हाला शोभून दिसेल. मी त्याला सांगते, बाबा, तुझं बरोबर आहे, पण माप तेच ठेव.