शिरूरवरचं विमान

माझे मिस्टर नांदेडच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात, मी लातूरला फिजिक्स. बदलीचे अर्ज करून करून दोघंही थकलो होतो. रविवारी एकत्र असलो तरी अर्धा दिवस झोपेत जायचा. त्यात त्यांची पीएचडी. विमानं आपली जागा रेडिओवरून सतत सांगत असतात. कुणी खोटी जागा सांगितली तर ओळखायची कशी, हा विषय. त्यासाठी ते सिग्नल पकडणारा एक अँटेना त्यांच्या नांदेडच्या खोलीवर, दुसरा लातूरला आमच्या गच्चीवर. माकडं आली की मीच धावायचं.

एका दुपारी पेपर तपासत होते. त्यांचा फोन आला.

"शिरूर अनंतपाळवर एक विमान दिसून राहिलंय. तुझ्याकडे बघ बरं."

मी लॅपटॉप उघडला. "इथं तर काहीच न्हाई."

"अँटेना पडला असेल."

चिडचिड झाली, तरी उन्हात गच्चीवर गेले. अँटेना जागेवर होता. लॅपटॉपवर हैदराबादकडे जाणारं दुसरं विमान व्यवस्थित दिसत होतं.

"अहो, माझं मशीन चालू हाय. शिरूर मला जवळ, तुम्हाला लांब. तुम्हाला ऐकू येतं अन् मला न्हाई, असं कसं?"

त्यांनी आकडे पुन्हा पाहिले. मग म्हणाले, "नांदेडकडे येतंय म्हणून सांगतंय, पण सिग्नलचा जोर वाढतच न्हाई. हे इथूनच, नांदेड शहरातूनच कुणीतरी सोडतंय."

आजवर खोटी विमानं त्यांनी स्वतःच कॉम्प्युटरवर बनवली होती. आता खरोखरचं खोटं समोर आलं होतं. त्यांनी नांदेडच्या विमानतळावर कळवलं. तिथल्या अधिकाऱ्यानं उतरायला येणाऱ्या पायलटला सावध केलं. थोड्या वेळानं ते खोटं विमान त्यांच्या स्क्रीनवरून गेलं.

कुणी केलं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. पुढे विमान खात्याकडून माझ्याकडे चौकशीला आलेल्या बाईंनी तेच तेच प्रश्न फिरवून विचारले. निघताना म्हणाल्या, "पायलटलाही त्याच्या स्क्रीनवर ते खोटं विमान दिसलं होतं. आधी कळलं म्हणून तो गडबडला नाही."

त्या शनिवारी मिस्टर लातूरला आले ते बसमध्ये उभ्यानंच. मी त्या बाईंचं बोलणं सांगायला लागले.

"बरं झालं," एवढंच म्हणाले, आणि बूट न काढताच दिवाणावर आडवे झाले. मी पंखा वाढवला. उरलेले पेपर बाजूला सारून शेजारीच जमिनीवर चटई टाकली.