चेहरा कोरा ठेवायचा

मुलं दिवसभरात किती हालचाल करतात ते मोजणारी प्रश्नावली परदेशातून आली होती. तिचं मराठी भाषांतर आपल्या मुलांना कळतं का, हे शाळेत जाऊन बघणं त्या बाईचं काम. प्रश्न वाचायचा, उत्तर घ्यायचं, मग म्हणायचं, "हे तुझ्या शब्दांत सांग." मान डोलवायची नाही, भुवई उचलायची नाही. चेहऱ्यावर काही दिसलं की मूल आपल्याला आवडेल ते उत्तर देतं. वर्षानुवर्षांच्या सवयीने तिला ते जमलं होतं. नवरा म्हणायचा, "हिच्याशी भांडण म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं."

शाळेत नेण्याआधी प्रश्न ती घरी कुणाला तरी वाचून दाखवायची. त्या संध्याकाळी लेक तावडीत सापडली. नववीतली, सदा पलंगाला चिकटलेली.

"शाळेतून घरी येताना तू धाप लागेल इतकं पळतेस का?"

"हो. रोज."

स्वयंपाकघरातून नवरा हसला. "राणीसरकार पळतात? पलंगावरून फ्रिजपर्यंत का?"

मुलीने मान खाली घातली.

"तुम्ही जरा आत बसा," ती नवऱ्याला म्हणाली. "उत्तर देणाऱ्याला चारचौघांत विचारत नाहीत."

दार लोटल्याचा आवाज आला. मग ती मुलीला म्हणाली, "धाप लागेल इतकं म्हणजे काय, तुझ्या शब्दांत सांग."

"म्हणजे घरात येऊन कडी लावल्यावर खालीच बसावं लागतं, तेवढं."

का, असं विचारायचं नसतं. "अजून सांग," एवढंच म्हणायची मुभा असते.

"अजून सांग."

"गोदामाच्या भिंतीपाशी एक माणूस असतो. तो मागे येतो. मी पळाले की तोही पळतो. हसत हसत."

हातातलं पेन निसटू नये म्हणून तिने ते टेबलावर ठेवलं. चेहरा मात्र जागेवर होता. आत्ता आपण किंचाळलो तर ही गप्प होईल, आणि उद्या पुन्हा एकटीच त्या भिंतीपाशी असेल.

"अजून सांग."

"आधी तो कोपऱ्यावरून परत जायचा. आता जिन्यातही येतो."

बाहेर जिन्यावर पावलं वाजली. दोघी ऐकत राहिल्या. पावलं वरच्या मजल्याकडे निघून गेली.

"तो नव्हे," मुलगी हळूच म्हणाली. "तो सावकाश चढतो. आपल्या दारापाशी थांबतो."

तिने पुढचा प्रश्न वाचायला तोंड उघडलं. सुट्टीच्या दिवसाबद्दल काहीतरी होतं. पण ओठ थरथरले, गाल थरथरले, आणि मुलगी टक लावून बघत होती.

"आई, तू घाबरलीस?"

"हो गं. खूप."

मुलीचे खांदे एकदम सैल पडले. "मला वाटलं, तू म्हणशील, चालत यायचा कंटाळा आला म्हणून काहीही सांगतेस."

तिने लेकीला जवळ ओढलं. तिच्या केसांना शाळेचा, घामाचा वास येत होता.

"बाबांना हाक मार," ती म्हणाली. "चपला घाल. तिघं मिळून आत्ताच पोलीस चौकीत जाऊ."

"त्याने बघितलं तर?"

"बघू दे."

कडी काढताना मात्र तिचा हात क्षणभर तिथेच राहिला. कान दाराला लावून तिने जिना ऐकला. मग दार उघडलं आणि आधी स्वतः बाहेर पडली.