आत्याच्या वॉर्डातली गळकी टाकी

या शहरात कायद्याला, पोलिसांना आणि देवाला जे आजवर जमलेलं नाही, ते माझ्या मैत्रिणीच्या आत्याला जमतं. ती सांगते आणि माणसं हात धुतात. रिक्षावाले धुतात, सोसायटीचे सेक्रेटरी धुतात, आमच्या मोर्चाच्या बंदोबस्ताला आलेल्या एका हवालदारानेही तिच्याकडून केळं घेण्याआधी मुकाट्याने हात धुतले होते. मी कोणाचं ऐकत नाही, अशी माझी घरात आणि संघटनेत सारखीच बदनामी आहे. पण आत्याच्या घाटकोपरच्या घरात शिरले की चपला काढून मी आधी मोरीकडे जाते. आत्या अकोल्याकडून मुंबईत आली, सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून आयुष्यभर राबली आणि निवृत्त झाली. म्हणजे कागदावर झाली. प्रत्यक्षात तिचा वॉर्ड दवाखान्याच्या भिंती ओलांडून रस्त्यावर आला, एवढंच.

समोर येईल तो तिच्या दृष्टीने पेशंट. वॉचमनला ती "काय चाललंय?" असं विचारत नाही, "कसं वाटतंय आता?" असं विचारते, आणि तो बिचारा लगेच कुठे दुखतं ते आठवू लागतो. बोलता बोलता समोरच्याची खालची पापणी ओढून बघायची तिला सवय आहे. मत मागायला आलेल्या एका उमेदवाराची पापणी तिने त्याच्या कार्यकर्त्यांसमोर ओढली आणि म्हणाली, "पांढरीफटक आहे रे. आधी रक्त वाढव, मग मतं माग." माझी पत्रकंही ती अशीच तपासते. मी रक्त आटवून लिहिलेलं पत्रक तिने एकदा चष्मा वर करून वाचलं आणि परत दिलं. "पोरी, मुद्दा बरोबर आहे तुझा. पण एवढी उद्गारचिन्हं काऊन? वाचणाऱ्याचं बीपी वाढलं तर गोळी तू देशील का?" तेव्हापासून मी पानाला एकच टाकते. तेही जिवावर येऊन.

आता एक अडचण सांगते. माझी निम्मी पत्रकं खासगी गाड्यांच्या विरोधात असतात. रस्ता बससाठी आणि चालणाऱ्यांसाठी, एकेका माणसाला फिरवणाऱ्या पत्र्याच्या डब्यांसाठी नाही, हे मी चौकाचौकात ओरडून सांगितलंय आणि पुढेही सांगणार. आणि या जगात मला सर्वांत जास्त आदर जिच्याविषयी आहे, तिच्याकडे उपनगरातली बहुधा सर्वांत म्हातारी गाडी आहे. चौकोनी, बसकी, फिकट निळी. मी एकदा हिंमत करून विषय काढला. आत्या म्हणाली, "खासगी कुठे आहे गं ती? अर्धा पाडा बसतो तिच्यात." हे खरं आहे. दर रविवारी आत्या ड्रेसिंगचं सामान घेऊन आरे कॉलनीतल्या पाड्यांवर जाते. साखरेने चिघळलेले पाय, न भरणाऱ्या जखमा, अंथरुणाला खिळलेली माणसं. बस मोठ्या रस्त्यावर सोडते. पुढची चढणीची वाट आत्याच्या गुडघ्यांना झेपत नाही आणि त्या म्हाताऱ्यांच्या पायांना तर नाहीच. त्यामुळे गाडी म्हणजेच दवाखाना, आणि येताना कोणाला खरंच दवाखान्यात न्यायचं असलं तर रुग्णवाहिकाही तीच.

या गाडीची पेट्रोलची टाकी गळायला लागली तेव्हा गाडीची नोंदणी संपत आली होती. आरटीओच्या तपासणीत पास झाली तर पुढची पाच वर्षं, नापास झाली तर भंगार. आत्याने टाकीखाली हात फिरवला, बोटं हुंगली आणि कपड्याच्या साबणाची कोरडी वडी घेऊन भेगेवर खसाखसा घासली. गळती थांबली! (हे या पानावरचं उद्गारचिन्ह.) पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, हे तिला कोण्या जुन्या ड्रायव्हरने शिकवलेलं. ही फक्त मलमपट्टी आहे हे तिलाही कळत होतं, पण पट्टी इतकी छान बसली की तपासणीचा दिवस उजाडेपर्यंत तिने ऑपरेशन पुढे ढकललं.

आणि त्या सकाळी आत्याच्या हातून ती चूक झाली, जी फक्त आत्याच्याच हातून होऊ शकते. मोठे डॉक्टर राउंडला येणार असले की पेशंटला आंघोळ घालायची, हा तिचा जन्माचा नियम. तिने पाइप लावला आणि गाडीला वरून, खालून, पोटाखालून अशी आंघोळ घातली की पत्रा चकाकायला लागला. साबण पेट्रोलला दाद देत नाही, पण पाण्यापुढे त्याचं काय चालणार? मी पोचले तेव्हा अंगणात पेट्रोलचा ओघळ वाहत होता, सेक्रेटरी "सिस्टर, बिल्डिंग पेटेल ना" म्हणून नाचत होते, माझी मैत्रीण ओघळावर वाळू टाकत होती, आणि आत्या हातात पाइप धरून स्तब्ध उभी होती. मग ती स्वतःशीच म्हणाली, "पट्टी भिजवली मी. पट्टी भिजवायची नसते, हे नव्या पोरींना शिकवण्यात जन्म गेला माझा."

तपासणी हुकली. दुसरी तारीख मिळाली, आणि तीच शेवटची होती.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात टाक्या आणि रेडिएटर दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. गडी हुशार, पण घाईचा. टाकी खाली उतरवल्या उतरवल्या म्हणाला, "सिस्टर, टेन्शन नाय. दोन मिनिटांत वेल्डिंग मारतो, झकास." त्याच्या ओठात विडी होती. आत्याने ती थर्मामीटर काढावा तशी अलगद काढली, बाहेर जाऊन पाण्यात विझवली आणि परत आली. "पोटात वाफ आहे हिच्या. टाकी रिकामी आहे म्हणून तुला वाटतं धोका नाही. रिकामीच फुटते, बाप्पा."

"अहो, मी रोज करतो हे काम."

"आमचे सर्जनपण असंच म्हणायचे. हात धू."

मिस्त्रीने हात धुतले. मग टाकी धुतली. गरम पाण्यात सोडा घालून खळखळवली, ओतली, पुन्हा भरली. प्रत्येक वेळी वास घ्यायचं काम माझ्याकडे. "तू हवेबद्दल एवढं लिहितेस ना? मग घे हवा," आत्या म्हणाली. मी टाकीच्या तोंडाशी नाक नेऊन सांगायची, "आहे अजून." मिस्त्री वैतागून म्हणायचा, "काय यार, मॅडमच्या नाकाची वाट लागलीय, टाकी साफ आहे." शेवटी माझ्या नाकाने परवानगी दिली, तेव्हा आत्याने भेग वर येईल अशी टाकी उलटी ठेवून भेगेच्या खालपर्यंत पाणी भरून घेतलं, म्हणजे आत वाफेला जागाच उरायला नको.

गंज घासल्यावर मात्र मिस्त्रीचा चेहरा पडला. भेगेच्या आजूबाजूचा पत्रा कागदासारखा झाला होता. "सिस्टर, खरं सांगू? नवी टाकी घ्या. या मॉडेलची मिळत नाही म्हणा." माझ्या मनात लगेच पत्रक तयार झालं: वस्तू मोडली की फेका, माणूस म्हातारा झाला की फेका, असं शिकवणाऱ्या बाजाराचा जाहीर निषेध. मी तोंड उघडणार एवढ्यात आत्याने मला डोळ्याने गप्प केलं आणि मिस्त्रीला मऊ आवाजात विचारलं, "चांगलं मांस कुठपर्यंत आहे, तेवढं बघ. तिथून शिवू." मिस्त्रीने बोटांनी टाकी ठोकत ठोकत निबर पत्रा शोधला, ठिगळ कापलं आणि डागणी तापवून डाग द्यायला बसला. मग मी जे पाहिलं ते विसरणार नाही. मिस्त्री कामातून नजर न काढता नुसता हात पुढे करायचा आणि मागायच्या आत आत्या त्याच्या तळहातावर हवी ती वस्तू ठेवायची. ब्रश. कानस. फडकं. दोघं एक शब्द बोलत नव्हते. बाहेर हॉर्नचा गदारोळ चाललेला, आणि त्या काळवंडलेल्या गाळ्यात ऑपरेशन थिएटरसारखी शांतता. शेवटी टाकीत हवा भरून शिवणीवर साबणाचं पाणी फिरवलं. कुठेही बुडबुडा आला नाही. मिस्त्री घाम पुसत म्हणाला, "सिस्टर, उद्यापासून येता का इकडे ड्युटीला?" आत्याने त्याची पापणी ओढून बघितली. "येते. आधी पालक खा."

गाडी पास झाली. तपासणारा माणूस खाली वाकून टाकीकडे बराच वेळ बघत होता; मला वाटलं, आता नापास करतो. तो उठून म्हणाला, "काम चांगलं केलंय कोणीतरी." येताना मी गाडीतच घोषणा द्यायला लागले. आत्या सिग्नलला गाडी थांबवून म्हणाली, "हिची पाच वर्षांची सोय झाली. आता माझं बघायला हवं. संध्याकाळी समोरचे दिवे मला फुटल्यासारखे दिसतात गं. सांगितलं नाही कोणाला." मग म्हणाली, "तू शीक."

"मी? आत्या, माझी पत्रकं वाचलीस ना?"

"वाचली. पाड्यापर्यंत बस आण, त्या दिवशी ही गाडी मी स्वतः भंगारात देईन. तोवर शीक."

बस अजून आलेली नाही. पाठपुरावा चालू आहे. आणि रविवारी गाडी मी चालवते. आत्या शेजारी बसते, मांडीवर ड्रेसिंगचा डबा. आरेच्या झाडीत उताराचं वळण जवळ आलं की तिचा उजवा पाय आपोआप पुढे जातो आणि रिकाम्या जागेवर जोरात दाबला जातो. हल्ली मी डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्या पायावर लक्ष ठेवते, आणि तो दाबला गेला की त्याच क्षणी माझा ब्रेक हळूच लावते. गाडी मंदावते. आत्या मागे टेकते आणि समाधानाने म्हणते, "हं, असं."